इ-सायकल कोकणात चालत नाही म्हणे!

चालेल कशी? सपाट शहरासाठी बनवलेली सायकल उचलून रत्नागिरी-गुहागरात आणायची, गिऱ्हाईकाला चढाबद्दल एक शब्द विचारायचा नाही, आणि पहिल्याच घाटीत मोटर धापा टाकायला लागली की "काकी, तुमच्याकडे चढच फार हो!" चढ काय काल रात्री उगवले?

विकणाऱ्यानं एकदा तरी हिशोब मांडावा. माणूस, सायकल, बाजारची पिशवी मिळून १०० किलो. १० टक्क्यांचा चढ ताशी १० किलोमीटरनं चढायचा तर नुसतं वजन वर न्यायलाच २७० वॅट लागतात. मोटर २५० वॅटची, कारण त्याच्या आत असली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत राहिला तरच लायसन्स-पासिंग लागत नाही. म्हणजे पाय मारणं आलंच. पण सांगतात काय? "थ्रॉटल पिळा आणि जा." चाकातली हब मोटर वेग पडला की निम्मी वीज नुसती तापण्यात घालवते. ३६ व्होल्ट, ७.५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी म्हणजे २७० वॅट-तास. पाय न मारता १०० मीटर उंचीचे चार-पाच चढ झाले की खलास. एका चार्जिंगला म्हणून खोक्यावर छापलेले ४० किलोमीटर खोक्यावरच राहतात.

उपाय अवघड नाही. चढ लागायच्या आधीच गिअर हलका करा. मागचं फ्रीव्हील, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, १४ ते २८ दातांचं असेल तर १४ ते ३४चं टाका; चेन थोडी लांब लागेल आणि चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा डिरेलर लांब पिंजऱ्याचा हवा, एवढंच. बिनगिअरची इ-सायकल मात्र सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळावर, राहणाऱ्या माणसाला विकणं ही शुद्ध लबाडी आहे.

आणि ती फ्रेममध्ये कायमची कोंबलेली बॅटरी! घर पाखाडीच्या (दगडी पायऱ्यांच्या) खाली, सायकल वर रस्त्याला, प्लग स्वयंपाकघरात. पंचवीस किलोचं धूड खांद्यावर घेऊन रोज पायऱ्या उतरायच्या? कुलूप उघडून हातात घेऊन जाता येईल अशीच बॅटरी इथं उपयोगाची.

पावसाळ्यात तर विचारूच नका. मोटर अचानक बंद पडली की मेकॅनिक न बघताच "कंट्रोलर गेला" म्हणतो, म्हणजे मोटरला वीज सोडणारा डबाच. अरे, आधी ब्रेकच्या दांड्यातला कट-ऑफ स्विच बघ ना! खाऱ्या हवेनं तो आतल्या आत चिकटतो, सायकलला वाटतं ब्रेक दाबलाय, मोटर उठत नाही. दोन्ही ब्रेकचे कनेक्टर एकेक करून काढायचे. ज्याचा काढल्यावर मोटर फिरते, तो स्विच खराब. पाच मिनिटांचं काम. मे महिन्यातच सगळ्या कनेक्टरांत सिलिकॉन ग्रीस भरा, मोटरची वायर आसाच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता खाली ठिबकेल. आणि गाडी धुण्याच्या प्रेशर पंपापुढे सायकल कधीही धरू नका.

पंक्चरवाला तर "इलेक्ट्रिकला हात लावत नाही" म्हणून मोकळा. शाळेच्या पोराच्या सायकलचं पंक्चर चाक न उतरवता काढतोस ना? हेही तसंच निघतं! टायरची एक बाजू उतरव, ट्यूब ओढ, ठिगळ लाव. करंट-बिरंट काही लागत नाही. चाक खरंच काढायचं असेल तर बॅटरी बंद, वायरीचा कनेक्टर सरळ ओढायचा (पिळायचा नाही), आणि परत बसवताना दातेरी वायसरचा दात फ्रेमच्या खाचेत. तो राहिला तर मोटरच्या जोरानं आस फिरतो आणि वायर तुटते, मग दोष पुन्हा सायकलला.

त्यात रविवारचे पैलवान. "मोटर? मग व्यायाम कसला?" अहो, गुडघे गेलेल्या आजोबांना, वाडी-वाडी फिरणाऱ्या आशाताईंना, मासळीची पाटी घेऊन बंदरावरून वर येणाऱ्या बाईला व्यायाम नकोय, वर पोचायचंय!

पण त्या बाईचा विचार केलाय कुणी? बहुतेक फ्रेमना मधली दांडी. साडीगार्ड मागितलं की दुकानदार हसतो, चेनकव्हर मागितलं की "स्पोर्टी लूक जातो". मागे उघडी चेन, ब्रेकची उघडी डिस्क, आणि वर पुन्हा विचारतात, बायका का घेत नाहीत!