पिसे झडली म्हणजे पारा गेला, असे होत नाही

गेल्या काही दिवसांत नाशिकमधील पक्षीनिरीक्षकांच्या अनेक व्हॉट्सअॅप गटांत एक संदेश फिरत आहे. नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या एका रविवारच्या फेरीत तो मला तीन जणांनी दाखवला आणि त्यांतल्या दोघांना तो पूर्ण पटलेला होता, म्हणून हे सविस्तर उत्तर लिहीत आहे. संदेशाचा आशय असा : शिसे, पारा, कॅडमियम यांचे प्रदूषण कारखान्यांजवळच्या पाण्यात होते, त्यामुळे खुल्या समुद्रावर राहणारे पक्षी त्यापासून मुक्त असतात, त्यांच्या अंगात पारा सापडलाच तर तो ज्वालामुखींतून आलेला, अनादी काळापासूनचा असतो, शिवाय पक्षी दरवर्षी पिसे गाळून तो बाहेर टाकतात, या धातूंनी मेलेले समुद्रपक्षी कोणी पाहिलेले नाहीत, आणि समुद्रापासून १०० किलोमीटरहून दूर राहणाऱ्या नाशिककरांचा या विषयाशी काहीच संबंध नाही. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि हिवाळ्यात पक्षी मोजायला जातो. या पाचही विधानांत थोडाथोडा खरेपणा मिसळलेला आहे आणि म्हणूनच ती पटकन पटतात, असे माझे मत आहे.

किनाऱ्यापासून दूर म्हणजे प्रदूषणापासून दूर, हा पहिला समज पाऱ्याचा स्वभाव ठाऊक नसल्यामुळे होतो. कोळसा जळतो तेव्हा त्यातील अत्यल्प पारा वाफ होऊन हवेत जातो आणि तो काही महिने ते वर्षभर हवेतच राहू शकतो. एवढ्या अवधीत वारे त्याला पृथ्वीभर फिरवतात; मग तो पावसाबरोबर किंवा कोरड्या धुळीबरोबर खाली येतो, आणि खाली येण्याची जागा बहुतेक वेळा समुद्रच असते. तेथे प्राणवायू कमी असलेल्या थरांतील जीवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. हे रूप सजीवांच्या शरीरात सहज शोषले जाते आणि सावकाश बाहेर पडते, त्यामुळे प्लवकांपासून (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांपासून) छोट्या माशांत, छोट्या माशांपासून मोठ्या माशांत आणि शेवटी पक्ष्यांत त्याचे प्रमाण पायरीपायरीने वाढत जाते. अझोर बेटांवरील अभ्यासात असे दिसले, की पृष्ठभागाजवळचे मासे खाणाऱ्या पक्ष्यांपेक्षा मधल्या खोल थरांतील मासे खाणाऱ्या पेट्रेल पक्ष्यांत पारा अधिक असतो. म्हणजे जेथे कारखान्याचे नाव नाही, अशा पाण्यातल्या पक्ष्यालाही तो मिळतो, आणि किती मिळतो हे पुष्कळदा बंदरापासूनच्या अंतरापेक्षा त्याच्या आहारावर ठरते.

शिशाचे उदाहरण तर याहून ठसठशीत आहे. उत्तर पॅसिफिकच्या मधोमध मिडवे नावाचे प्रवाळबेट आहे. तेथे लायसन अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची जगातील सर्वांत मोठी वसाहत आहे, आणि अमेरिकी नौदलाने तेथे बांधलेल्या जुन्या इमारतींच्या रंगात शिसे होते. अल्बट्रॉसचे पिल्लू काही महिने घरट्याच्या आसपासच बसून राहते आणि चोचीच्या टप्प्यात येईल ते उचलते. इमारतींजवळच्या पिल्लांनी रंगाचे पोपडे गिळले, शिशामुळे त्यांच्या मज्जातंतूंना इजा झाली आणि त्यांचे पंख वर उचलले न जाता जमिनीवर लोंबू लागले. असे पिल्लू उडू शकत नाही, आणि न उडणारा अल्बट्रॉस जगत नाही. १९८० च्या दशकापासून या विकाराची नोंद आहे. इमारतींपासून दूर वाढलेल्या पिल्लांत तो दिसत नव्हता, आणि पिल्लांच्या रक्तातील शिशाचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) रंगातील शिशाशी जुळले, त्यामुळे कारणाबद्दल शंका उरली नाही. संदेशातील ‘मेलेले कोणी पाहिले’ या प्रश्नाचे उत्तरही यातच आले. याच बेटावर १९५६ साली पायात कडे चढवलेली विज्डम नावाची मादी २०२४ मध्येही अंडे घालताना दिसली. इतके दीर्घ आयुष्य असलेल्या जातीत दरवर्षी मरणारी पिल्ले चटकन नजरेत भरत नाहीत, कारण प्रौढ पक्षी तेवढेच दिसत राहतात. तूट कळायला काही दशके जातात.

दुसरे विधान नैसर्गिक पाऱ्याचे आहे, आणि त्यात तथ्यांश आहे हे आधी मान्य करतो. ज्वालामुखींतून पारा येतोच. कॅडमियमच्या बाबतीत तर मी संदेशकर्त्याशी बराच सहमत आहे : खुल्या समुद्रात कॅडमियम फॉस्फेटसारखे वागते, प्लवकांबरोबर फिरते, माकूळ खाणाऱ्या पक्ष्यांच्या मूत्रपिंडात ते भरपूर सापडते, आणि त्यातील मोठा भाग माणसाने टाकलेला नसून मूळ समुद्रातलाच असू शकतो. केवळ आकडा मोठा आहे म्हणून प्रदूषण ठरवू नये, ही सावधगिरी रास्त आहे. परंतु तीच सावधगिरी पाऱ्याला लावली तर निष्कर्ष उलटा निघतो, कारण पाऱ्याबाबत जुने आणि नवे यांची तुलना उपलब्ध आहे. ती संग्रहालयांतील पक्ष्यांच्या पिसांतून मिळाली.

पूर्वी संग्रहालयांत पक्ष्यांची कातडी टिकवण्यासाठी पाऱ्याचाच एक क्षार वापरत असत, म्हणून जुन्या नमुन्यांतील एकूण पारा मोजून काही उपयोग होत नाही. संशोधकांनी त्यामुळे फक्त मिथाइल पारा मोजला, जो त्या क्षारातून येत नाही आणि पक्ष्याच्या आहारातूनच पिसात उतरतो. काळ्या पायांच्या अल्बट्रॉसच्या १८८० ते २००२ या काळातील पिसांचा असा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात मिथाइल पारा वाढत गेल्याचे आढळले. त्यानंतर २०१५ मध्ये कॅनडाच्या आर्क्टिक भागातील आयव्हरी गल या पांढऱ्याशुभ्र कुरवाच्या १८७७ ते २००७ या १३० वर्षांच्या पिसांचा अभ्यास आला. त्यात वाढ सुमारे ४५ पट होती. पक्ष्याचा आहार बदलल्यामुळे असे झाले असेल का, हेही कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून तपासले गेले, आणि आहारात तसा बदल दिसला नाही. समुद्राच्या पाण्याच्या बाजूनेही २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासाने वरच्या १०० मीटर थरातील पारा औद्योगिक काळापूर्वीपेक्षा सुमारे तिप्पट झाल्याचे दाखवले. ज्वालामुखी १८७७ मध्येही होते. त्या काळात पटींनी वाढले ते कोळशाचे ज्वलन आणि पाऱ्याचा वापर.

तिसरे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण ते शास्त्रीय भाषेत लिहिलेले आहे. पीस वाढत असताना त्याला रक्तपुरवठा असतो. रक्तातील मिथाइल पारा पिसाच्या केराटिनमधील गंधकाला घट्ट चिकटतो, पीस पूर्ण वाढले की रक्तपुरवठा बंद होतो आणि पारा आत कायमचा अडकून राहतो. काही जातींत शरीरातील ७० टक्क्यांहून अधिक पारा पिसांत सापडतो. एवढे सगळे खरे आहे. संदेश येथेच थांबतो आणि पुढचा हिशोब सोडून देतो.

पहिली गोष्ट, पीस गळण्याच्या क्षणी पारा शरीराबाहेर जातो असे नसून नवे पीस वाढत असलेल्या काही आठवड्यांतच तो रक्तातून पिसात जातो. दोन पीसबदलांच्या मधल्या काळात खाल्लेला पारा रक्तात, स्नायूंत, यकृतात आणि मेंदूत साठत राहतो. दुसरी गोष्ट, सगळे पक्षी दरवर्षी सगळी पिसे बदलत नाहीत. भटक्या अल्बट्रॉसला एक पिल्लू वाढवायला जवळजवळ वर्ष लागते, तो सलग दोन वर्षे वीण करत नाही, आणि उड्डाणाची पिसेही हप्त्याहप्त्याने बदलतो. पक्ष्यांत सर्वाधिक पारा आढळणाऱ्या जातींत त्याची गणना होते, याचे एक कारण हेच आहे. तिसरी गोष्ट पिल्लांची. पिसे भराभर वाढत असताना पिल्लाच्या रक्तातील पारा त्यांत जात राहतो आणि ते सुरक्षित दिसते. पण घरटे सोडण्याच्या सुमारास पिसांची वाढ थांबते, वाट बंद होते आणि रक्तातील पाऱ्याचे प्रमाण पुन्हा चढू लागते. हेच दिवस उडायला आणि मासा पकडायला शिकण्याचे असतात. शिवाय मादीच्या अंगातील पाऱ्याचा काही भाग अंड्यात उतरतो. तिच्या दृष्टीने ती सुटका असेल, पण ज्या भ्रूणात तो उतरतो ते तर पाऱ्याला सर्वांत हळवे असते.

समुद्रपक्ष्यांकडे आणखी एक बचाव आहे, तो संदेशात नाही, तरी प्रामाणिकपणे सांगायला हवा : यकृतात मिथाइल पारा मोडून सेलेनियमबरोबर अविद्राव्य कणांच्या रूपात बांधला जातो. मोठ्या अल्बट्रॉसमध्ये हे विशेष दिसते. पण त्यासाठी खर्ची पडणारे सेलेनियम शरीराला इतर कामांसाठीही लागते.

चौथ्या विधानाबद्दल मिडवेच्या संदर्भात लिहिलेच आहे. एवढेच जोडतो, की पाऱ्याचा परिणाम मृत्यूच्या रूपात दिसलाच पाहिजे असे नाही. नॉर्वेच्या स्वालबार्ड या आर्क्टिक बेटांवरील किटिवेक कुरवांत ज्यांच्या रक्तात पारा अधिक होता ते पक्षी त्या वर्षी वीण टाळण्याची शक्यता जास्त होती, आणि त्याचा संबंध संप्रेरकांतील बदलाशी दिसला. असा पक्षी किनाऱ्यावर मेलेला सापडत नाही. दुर्बिणीतून पाहणाऱ्याला तो निरोगी दिसतो, फक्त त्याच्या घरट्यात अंडे नसते. त्याच वेळी कॅनडातील आयव्हरी गलची संख्या फार घटली ती पाऱ्यामुळेच, असे मी म्हणणार नाही. बर्फ वितळण्यासह इतर कारणेही आहेत, आणि दुसऱ्या टोकाच्या अतिशयोक्तीने पहिली चूक सुधारत नाही.

राहिला नाशिकचा प्रश्न. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते, म्हणून आपल्या औद्योगिक वसाहतींतील धातू थेट समुद्रपक्ष्यांपर्यंत पोहोचतात, असे सोपे समीकरण मी मांडणार नाही. धातू बहुधा गाळाला चिकटतात, आणि गाळाचा मोठा भाग वाटेतल्या बंधाऱ्यांत व जायकवाडीसारख्या धरणांत बसतो. याचा अर्थ ते आधी आपल्याच पाणथळ जागांत राहतात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील नांदूरमध्यमेश्वर हे २०२० मध्ये रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलेले महाराष्ट्रातील पहिले स्थळ अशाच गाळावर उभे आहे, आणि तपकिरी डोक्याचा कुरव मध्य आशियातून हिवाळ्यात उतरतो तेव्हा समुद्रकिनारा आणि आपल्यासारखे आतले जलाशय, दोन्हीकडे राहतो. समुद्रपक्षी आणि आपले पक्षी अशी सीमारेषा पक्ष्यांच्या लेखी नाही.

वाफ होऊन गेलेल्या पाऱ्याला मात्र धरण अडवत नाही. आपण वापरत असलेल्या विजेचा मोठा भाग कोळशापासून येतो, आणि त्या कोळशातील पाऱ्याचा हिशोब जगाच्याच खात्यात जमा होतो. पाऱ्यावरील आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये लागू झाला आणि भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. त्याला जपानमधील मिनामाता शहराचे नाव आहे, जेथे १९५६ मध्ये माणसांतील पाऱ्यामुळे झालेल्या आजाराची अधिकृत नोंद होण्याआधी मांजरे आणि कावळे तडफडताना लोकांनी पाहिले होते. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादाही भारताने नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणली. जुन्या नाशकातील वाड्यांच्या दारांवरचा त्याआधीचा रंग खरवडताना पोपडे अंगणात पडू देऊ नयेत, आणि पारा असलेले जुने तापमापक व ट्यूबलाइट घंटागाडीत नेहमीच्या कचऱ्यात न मिसळता वेगळे द्यावेत, एवढे आपल्या हातात आजच आहे. ज्यांनी तो संदेश पुढे पाठवला, त्यांनी हे उत्तरही त्याच गटांत पाठवावे, आणि यातील एखादा मुद्दा चुकलेला वाटल्यास मला अवश्य सांगावा.