डॉल्फिन-सेफच्या शिक्क्याने काय कळतं?

"सोलापुरात बसून समुद्राच्या बाता मारू नका. टूनाच्या डब्यावर डॉल्फिन-सेफ लिहिलेलं असतं, तेवढं पुरे. बाकी सगळे महाग माल खपवायचे धंदे. त्यापेक्षा उजनीचा मासा खा." टूनाच्या डब्यांवरच्या माझ्या लेखावर ही तुमची प्रतिक्रिया.

एक चूक आधीच मान्य करतो. डब्यावरचे १८५ ग्रॅम म्हणजे सगळा मासाच, असं माझ्या लेखात झालं होतं. ते वजन तेलासकट असतं, निथळलेला मासा बराच कमी भरतो. दुरुस्ती केली आहे.

पण 'बाता' आणि 'धंदे' हे शब्द लागले. मासळीच्या खरेदीत सतरा वर्षं काढली आहेत, आणि इथे मी एकही डबा विकत नाही. चुका दाखवा, हेतूवर कशाला जाता?

आता तुमचं 'तेवढं पुरे'. हा शिक्का १९९० मध्ये अमेरिकेत आला. पूर्व पॅसिफिकमध्ये यलोफिन टूना डॉल्फिनच्या कळपाखालून पोहतो, म्हणून बोटी कळपालाच जाळ्याचा वेढा घालत आणि त्यात डॉल्फिन मरत. ते झालं नाही, एवढंच हा शिक्का सांगतो. डब्यात मात्र बहुतेक वेळा स्किपजॅक ही टूनाची दुसरी, लहान जात असते. हा मासा गोळा करायला समुद्रात तराफे सोडतात. तराफ्याखाली स्किपजॅक जमतो, तशी यलोफिन आणि बिगआय या मोठ्या टूनांची पिल्लंही जमतात, सिल्की शार्कही येतात. पर्स सीन जाळं सगळ्यांभोवती फिरतं आणि खालून आवळलं जातं. वाढायच्या आत पिल्लं गेली, तर पुढे अंडी कोण घालणार? डॉल्फिन एकही मेला नाही, म्हणून शिक्का मात्र खरा! हिंदी महासागरातल्या यलोफिनची अतिमासेमारी झाल्याचं २०१५ च्या मूल्यमापनात दिसलं, ते उगाच नाही.

म्हणून डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचा. जातीचं नाव हवं. नुसतं 'टूना' लिहिलं असेल तर ठेवून द्या. पकडण्याची पद्धत 'पोल अँड लाइन' असेल तर उत्तम: जिवंत चारा फेकून, गळाने एकेक मासा ओढायचा. मालदीवमध्ये आणि आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयला असंच पकडतात. जाळ्याचा मासा असेल तर 'एफएडी-फ्री' शोधा. एफएडी म्हणजे तेच तराफे. 'थायलंड' वाचून मासा तिथला समजू नका, तिथे डबा भरला जातो. पकडल्याची जागा एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) क्रमांकावरून कळते: ५१ आणि ५७ हिंदी महासागर, ७१ पश्चिम-मध्य पॅसिफिक. किनाऱ्यावर कोळणीला विचारता येतं. सोलापुरात विचारायचं कुणाला? इथे लेबलच वाचावं लागतं.

उजनीचा चिलापी जरूर खा, त्याला माझी ना कधीच नव्हती.

तुमची प्रतिक्रिया काढणार नाही. तुमच्या घरातल्या डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, त्यावर बोलू.