कविता जाळणाऱ्या हॉपकिन्सची उरलेली गोष्ट

एक मजकूर सध्या या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे. ख्रिस्ती श्रद्धा आणि अस्सल सर्जनशीलता एका माणसात नांदूच शकत नाहीत, असं त्याचं म्हणणं. कारणं चार दिली आहेत: बायबलच प्रतिमा घडवायला मनाई करतं, चर्चसाठी झालेली थोर कला पोटासाठी केलेली होती, श्रद्धावानाला उत्तरं आधीच मिळालेली असल्यामुळे त्याच्या कलेत दिलाशापलीकडे काही नसतं, आणि चर्चने कलावंतांचा कायम गळा दाबला. शेवटी पुरावा म्हणून इंग्रज कवी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात जाताना त्याने आपल्या कविता जाळल्या, एवढं सांगून मजकूर संपतो.

या प्रत्येक मुद्द्यात थोडं खरं आहे. म्हणूनच तो इतक्या लोकांना पटतो, आणि म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं.

मनाईची आज्ञा बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात आहे, हे बरोबर. पण त्याच पुस्तकाच्या 25व्या अध्यायात कराराच्या कोशावर, म्हणजे पवित्र पेटीवर, सोन्याचे दोन करूब (पंख असलेले देवदूत) घडवायला सांगितलं आहे. 31व्या अध्यायात बसालेल नावाचा कारागीर येतो. देव म्हणतो, मी त्याला माझ्या आत्म्याने भरलं आहे. कशासाठी? सोन्यारुप्याचं काम करायला, रत्नं कोरायला, लाकडावर नक्षी काढायला. मनाई प्रतिमेची पूजा करण्याला आहे, हाताच्या कौशल्याला नाही. ख्रिस्ती लोक यावरून आपसात भांडले, 8व्या-9व्या शतकांत बायझंटाइन साम्राज्यात चित्रं फोडली गेली, हेही खरंच. पण तेव्हा चित्रांची बाजू लढवणारा दमास्कसचा योहान संन्यासीच होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: देवाने स्वतः देह धारण केला, तर त्या देहाचं चित्र काढायला लाजायचं का? 787 साली निकाया इथल्या दुसऱ्या धर्मपरिषदेने हीच बाजू उचलून धरली.

आता पोटाचा मुद्दा. चर्चसाठी संगीत रचणारा जर्मन संगीतकार बाख. त्याला पैशाची काळजी होती का? होती. 1730 साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात तो लायप्झिगमधल्या मिळकतीबद्दल कुरकुर करतो: हवा चांगली असली की अंत्यविधी कमी होतात आणि त्यांतल्या संगीताचं उत्पन्न घटतं. घरात एवढी मुलं असताना कोणीही असंच लिहिलं असतं. पण त्याच्याकडे बायबलवरच्या भाष्याचे तीन खंड होते, ते आजही जपलेले आहेत, आणि त्यांच्या समासांत त्याच्या हातच्या नोंदी आहेत. मंदिरात गायक-वादक एका सुरात स्तवन करतात आणि मंदिर देवाच्या तेजाने भरून जातं, त्या बायबलमधल्या '2 इतिहास' या पुस्तकाच्या 5व्या अध्यायापाशी तो लिहितो की भक्तिभावाने केलेल्या संगीतात देव आपल्या कृपेसह नेहमी हजर असतो. ही नोंद त्याने कोणाला दाखवायला केली नव्हती, तिचे पैसेही कोणी देणार नव्हतं. मायकेलअँजेलोचं शेवटचं शिल्पही तसंच. मेलेल्या ख्रिस्ताला सावरणारी मरिया तो 1564 साली मरण्याच्या काही दिवस आधीपर्यंत घडवत होता. वय 88. मागणी कोणाचीच नव्हती.

तिसरा मुद्दा मला सर्वांत चुकीचा वाटतो. श्रद्धा म्हणजे तयार उत्तरं, असं ज्याला वाटतं त्याने बायबलमधलं 88वं स्तोत्र एकदा वाचावं. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. जर्मन चित्रकार मॅथियास ग्रुनेवाल्टचं इझेनहाइमचं वेदीचित्र पाहा. 1512 ते 1516च्या सुमाराला ते एका मठाच्या रुग्णालयासाठी काढलं गेलं. तिथे येणाऱ्या रोग्यांना 'संत अँथनीची आग' म्हणत ती व्याधी असायची. बुरशी लागलेल्या धान्यातून ती व्हायची. अंगाची आग व्हायची, हातपाय झडायचे. ग्रुनेवाल्टचा क्रुसावरचा ख्रिस्त हिरवट पडलेला आहे, सगळ्या कातडीवर जखमा, बोटं वेदनेने ताणून वाकडी झालेली. त्या रोग्यांसमोर त्याने गोंडस, उजळ येशू ठेवला नाही, त्यांच्याच रोगाने ग्रासल्यासारखा ठेवला. देव इथवर खाली आला यावर विश्वास असल्याशिवाय हे चित्र काढण्याचं धाडस झालं नसतं, असं माझं मत आहे. आणि लहान मुलांच्या यातनांवरून देवाला जाब विचारणारा, 'करामाझफ बंधू' या रशियन कादंबरीतला इव्हान करामाझफ? देवाविरुद्धचा इतका बिनतोड युक्तिवाद मला नास्तिकांच्या लेखनातही सापडलेला नाही. तो दस्तयेव्हस्कीने लिहिला, ख्रिस्तावर श्रद्धा ठेवून.

चर्चने गळा दाबला, हा आरोप मी खोडणार नाही. 1573 साली इटालियन चित्रकार व्हेरोनेझेला इन्क्विझिशनपुढे, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयापुढे, उभं केलं गेलं आणि 'अंतिम भोजना'च्या चित्राचं नाव बदलावं लागलं. सिस्टाइन चॅपेलमधल्या 'अंतिम न्याया'तल्या नग्न देहांवर मागाहून वस्त्रं रंगवली गेली. लाज वाटावी अशाच या गोष्टी. पण ज्याने ते देह रंगवले तो मायकेलअँजेलोही श्रद्धावानच होता. मराठीतलंच पाहा. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' 1616 साली छापलं गेलं. पुढे 1684 साली गोव्यातल्या पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. तरी ते पुराण टिकलं, कारण ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने लिहिलेल्या प्रती सांभाळल्या. हुकूम काढणारे आणि प्रती जपणारे, दोघेही येशूचंच नाव घेत होते.

उरला हॉपकिन्स. त्याने 1868 साली कविता जाळल्या, नंतर सात वर्षं जवळजवळ काही लिहिलं नाही. ही हानीच होती, तिचं समर्थन मी करणार नाही. डिसेंबर 1875मध्ये 'डॉइचलंड' नावाचं जहाज फुटलं. जर्मनीतल्या कायद्यांमुळे परागंदा झालेल्या पाच फ्रान्सिस्कन जोगिणी (कॅथलिक संन्यासिनी) त्यात बुडाल्या. यावर कोणीतरी कविता लिहायला हवी, असं त्याचा वरिष्ठ पाद्री बोलून गेला. तेवढ्या शब्दावर हॉपकिन्सने लेखणी उचलली आणि इंग्रजी कवितेत तोवर क्वचितच ऐकू आलेली लय आणली. जेझुइटांच्याच मासिकाने ती कविता नाकारली. तो लिहीत राहिला. त्याचा संग्रह निघाला 1918 साली, मृत्यूनंतर 29 वर्षांनी.

मार्च 1889मध्ये, मरण्याआधी तीन महिने, त्याने एक सॉनेट, म्हणजे चौदा ओळींची कविता, लिहिली. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचा प्रश्न उचलून तो देवाला विचारतो: पापी माणसांचं भलं का होतं, आणि माझ्या हाती अपयशच का येतं? पक्षी घरटी बांधतात, माझ्याकडून काहीच घडत नाही. चौदाव्या ओळीत तो देवाकडे आपल्या मुळांसाठी पाऊस मागतो.