आमच्या नेत्ररुग्णालयाविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आम्हाला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. आपल्या मुलावर २०१६ मध्ये, तो सतरा वर्षांचा असताना, आमच्याकडे केराटोकोनससाठी (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, बिघडण्याच्या आजारासाठी) क्रॉस लिंकिंग, म्हणजे बोलीत ज्याला सी थ्री आर म्हणतात तो उपचार झाला. तरीही चष्म्याचा नंबर गेला नाही, पैसे पाण्यात गेले, आणि गेल्या महिन्यात पहाटेच्या एसटीने उदगीरहून लातूरला आल्यावर साडेतीन तास बसवून, टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी, न करताच ‘पंधरा दिवसांनी या’ म्हणून परत पाठवले, तेही दुसऱ्यांदा फी उकळण्यासाठी, असे आपण लिहिले आहे. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी क्षमा मागतो. थांबावे लागले हे खरे आहे आणि ते व्हायला नको होते.

मात्र फी उकळण्याची गोष्ट मला फार लागली. त्या दिवशी आपल्याकडून कोणतेही शुल्क घेतलेले नाही. नोंदवहीत आपले नाव ११ वाजून १० मिनिटांनी लिहिले आहे आणि १२ वाजून ५० मिनिटांनी मी स्वतः आपल्याशी बोललो. हा वेळही कमी नाही, पण तो साडेतीन तासांचा नाही. तपासणी न करण्याचे कारण एकच होते: मुलगा सकाळपासून डोळ्यांत सेमी-सॉफ्ट लेन्स घालून आला होता. नाव सेमी-सॉफ्ट असले तरी ही लेन्स कडक असते, तिच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि लेन्स काढल्यावरही तो पूर्ववत व्हायला दिवस लागतात. म्हणून साधी मऊ लेन्स सुमारे आठवडाभर आणि कडक लेन्स दोन ते तीन आठवडे बंद ठेवल्यावरच टोपोग्राफीवर विश्वास ठेवता येतो. त्याच दिवशी यंत्रासमोर बसवून कागद हातात दिला असता, तर आपण समाधानाने घरी गेला असता. पण त्या कागदावरून आजार थांबला आहे की पुढे सरकला आहे, हे मला सांगता आले नसते. ज्याला आपण ‘दुकान’ म्हटले आहे, तिथे तो कागद विकणे सर्वांत सोपे होते.

आता मूळ तक्रारीकडे येतो. केराटोकोनसमध्ये कॉर्निया पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. क्रॉस लिंकिंगमध्ये वरचा पातळ थर काढून रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब जीवनसत्त्वातील एका घटकाचे थेंब अर्धा तास घालतात आणि नंतर अतिनील किरण देतात. त्यामुळे आतल्या कोलॅजन तंतूंमध्ये नवे बंध तयार होऊन कॉर्निया ताठर होतो. आपल्याकडच्या माळवदाच्या घरात भिंत कलली की टेकू देतात. टेकूने भिंत पडत नाही, पण पूर्ण सरळही होत नाही. या उपचाराचे काम टेकूचे आहे. नंबर घालवण्यासाठी तो नाही, हे उपचाराआधीच्या मराठी संमतिपत्रात लिहिलेले असते आणि मी प्रत्येक पालकाला तोंडीही सांगतो. आपल्या लक्षात ते राहिले नसेल, तर माझे सांगणे कमी पडले असे मी मानतो.

या टेकूचा टिकाऊपणा तपासला गेला आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे ही पद्धत विकसित झाली आणि रुग्णांवरील पहिले निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील दहा वर्षांचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. त्यात ३४ डोळ्यांमध्ये शंकूच्या टोकाची वक्रता सरासरी ६१.५ वरून ५५.३ डायॉप्टरवर (डायॉप्टर हे वक्रतेचे माप) आली होती, म्हणजे शंकू काहीसा चपटा झाला होता, आणि केवळ दोन डोळ्यांवर पुन्हा उपचार करावा लागला. पण ते रुग्ण बहुतांशी प्रौढ होते. कोवळ्या वयात आजार अधिक वेगाने वाढतो आणि उपचारानंतरही काही मुलांमध्ये तो काही वर्षांनी पुन्हा सरकतो, म्हणून दरवर्षी टोपोग्राफी करायची असते. कोविडनंतर येणे जमले नाही, असे आपणच लिहिले आहे. मी दोष देत नाही, रोजगार बुडवून येणे किती कठीण असते हे मला ठाऊक आहे. परंतु मधल्या वर्षांची मापे नसताना उपचार फसला असे म्हणणे मला न्यायाचे वाटत नाही. उन्हाळ्यात धुळीने डोळ्यांना खाज येते आणि मुले ते जोरजोराने चोळतात, त्यानेही आजार वाढतो. म्हणून त्याला ॲलर्जीचे थेंब बंद करू देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

नंबर उरला म्हणून स्क्लेरल लेन्स, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स, सुचवली, हेही आपल्याला खटकले आहे. ताठर झालेल्या कॉर्नियावरचा वाकडेपणा चष्म्याने पूर्ण भरून निघत नाही, म्हणून ती सुचवली होती. ती घ्यावीच असा आग्रह नव्हता.

फोनवर नाव नोंदवताना लेन्सबद्दल विचारण्याची सूचना मी कर्मचाऱ्यांना दिली आहे, आणि थांबण्याचा वेळ कमी करण्याचाही प्रयत्न चालू आहे. दोन्ही लेन्स एकदम काढल्यास मुलाची नोकरी अडत असेल, तर आधी एकाच डोळ्याची लेन्स पंधरा दिवस बंद ठेवून त्या डोळ्याची टोपोग्राफी करू, मग दुसऱ्याची. हे मी त्या दिवशीच सांगायला हवे होते. दोन्ही वेळची तपासणी विनाशुल्क होईल. २०१६ ची फाईल मी काढून ठेवली आहे. जुनी आणि नवी मापे शेजारी ठेवून जे दिसेल ते, आमच्या बाजूचे नसले तरी, मी आपल्याला दाखवीन.

आपला,
संचालक व नेत्रशल्यचिकित्सक