पपई बदनाम, चहा मोकाट

सातवा महिना चालू आहे. परवा ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरून छान पिकलेली पपई आणली. पहिली फोड तोंडात जाते न जाते तोच सासूबाईंनी बशी उचलली. "अगं, काय करतेस! उष्ण असते ती." बशी थेट ह्यांच्यापुढे. ह्यांनी मुकाट्याने संपवली, हे मी विसरणार नाही.

भीती अगदीच हवेतली नाही. कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावतं, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. म्हणून कच्च्या पपईची कोशिंबीर मीही खात नाही. पण पूर्ण पिकलेल्या फळात तो चीक जवळजवळ उरत नाही. एवढं बोललं की "आमच्या वेळी..." सुरू.

आता गंमत ऐका. हीच माऊली रोज दुपारी चारला आठवणीने लोहाची गोळी हातात ठेवायची आणि सोबत आल्याचा कडक चहा! दोन महिने हेच. रिपोर्टात हिमोग्लोबिन 9.4. गरोदरपणी 11 च्या खाली गेलं की ॲनिमियाच. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "गोळी कशासोबत घेता?" चहातल्या टॅनिनमुळे लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमच्या गोळीचंही तसंच, ती वेगळ्या वेळी. आता लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत आणि चहा चांगला तासाभराने. तोही मोजून, कारण दिवसाला 200 मिलिग्रॅम कॅफीनच्या वर जायचं नाही आणि मोठ्या मगभर चहातच 75 च्या आसपास असतं. कटिंगवाल्यांनी आपला हिशोब आपण करावा.

माहेर चेंदणी कोळीवाड्यातलं, त्यामुळे मासे सोडा म्हणणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवते. बोंबील, मांदेली, बांगडा नीट शिजवून खुशाल खावेत. टाळायची ती मोरी, म्हणजे शार्क. मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठत जातो आणि तो बाळाच्या मेंदूला बाधतो. पण आत्याचा रोज फोन, "मोरीचं कालवण पाठवते, दूध चांगलं येतं." अगं आत्या, आधी बाळ तर येऊ दे!

आणि काल संध्याकाळी तलावपाळीला फिरायला गेलो, तर सासूबाई स्वतःच पाणीपुरीच्या गाडीपाशी थांबल्या. "खा गं एक प्लेट, डोहाळे पुरवावेत." बादलीतलं ते हिरवं पाणी कुठल्या नळाचं, देव जाणे. पपई नको, हे चालेल! मी शेवपुरी पण नको म्हटलं, तर रुसल्या.