टेबल टेनिसच्या दुकानाच्या मालकाचं उत्तर: ‘कार्बनचं ब्लेड गळ्यात मारलं’ या तक्रारीला

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू शनिवारी रात्री दुकान बंद करताना वाचला. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर उत्तर जरा तिखट झालं असतं, म्हणून दोन दिवस जाऊ दिले.

इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमची तक्रार थोडक्यात मांडतो. तुम्ही घोडबंदर रोडवरून आमच्या नौपाड्याच्या दुकानात आलात आणि तेरा वर्षांच्या मुलासाठी ‘अटॅकिंग, फास्ट’ ब्लेड, म्हणजे बॅटचा रबराखालचा लाकडी भाग, मागितलं. साडेबारा हजारांचं कार्बनचं ब्लेड आणि वर दोन्ही बाजूंना मॅक्स, म्हणजे सर्वात जास्त, जाडीच्या स्पंजची रबरं, असा सेट घेऊन गेलात. तीन आठवड्यांत मुलाचे टॉपस्पिन (चेंडूला पुढे फिरकी देऊन मारलेले फटके) टेबलाबाहेर जायला लागले. कोच सरांनी विचारलं, “हे कोणी दिलं?” परत करायला आलात तर काउंटरवर ‘रबर चिकटवलं की परत नाही’ एवढंच ऐकायला मिळालं. घरी रबर काढताना कडेचं लाकूड उचकटलं. आणि तेच ब्लेड ऑनलाइन आठशे रुपयांनी स्वस्त होतं. दोन तारे, आणि ‘खराब माल’ हे शब्द.

माल खराब नाही. चूक मात्र आमची आहे. त्या दिवशी मी दुकानात नव्हतो, काउंटरवर भाचा होता. त्याने तुम्हाला बजेट विचारलं, कंपनी विचारली, मुठीचा आकार फ्लेअर्ड (खाली रुंद होणारा) हवा की स्ट्रेट तेही विचारलं. मुलगा किती महिने शिकतोय आणि आत्ता कुठल्या बॅटने खेळतोय, हे मात्र विचारलं नाही. ते पहिल्यांदा विचारायला हवं होतं. नंतर कळलं की तो दहा महिने शिकतोय आणि तोवर तयार रॅकेटने (रबर आधीच लावून मिळणाऱ्या बॅटने) खेळत होता. हे मला माहीत असतं तर साडेबारा हजारांचा गल्ला सोडून मी त्याला साध्या पाच प्लायच्या, म्हणजे पाच थरांच्या, लाकडी ब्लेडवर ठेवलं असतं.

आता ‘अटॅकिंग’ या शब्दाविषयी. इतकी वर्षं दुकान चालवतोय, पण ‘माझा मुलगा डिफेन्सिव्ह आहे’ म्हणणारे आई-वडील अजून भेटायचे आहेत. सगळी मुलं अटॅकिंग. त्यामुळे त्या शब्दावरून ब्लेड निवडताच येत नाही. अटॅक करणाऱ्याला असं ब्लेड लागतं ज्याच्यावर तो न घाबरता पूर्ण हात फिरवेल. नेटच्या पलीकडचं अर्धं टेबल फक्त १.३७ मीटर लांब आहे, जोरात मारलेला चेंडू तेवढ्यात उतरवायचा तर त्याला घासून फिरकी द्यावी लागते. घासण्याची सवय हातात मुरली नसेल तर वेगवान ब्लेडवर चेंडू घासायच्या आधीच सुटतो, सरळ जातो, बाहेर पडतो. चार चेंडू बाहेर गेले की मूल हात आखडतं आणि नुसतं ढकलायला लागतं. महिन्याभरात तुमचा अटॅकिंग मुलगा ब्लॉक करणारा होतो, तोही फास्ट ब्लेड हातात असताना. कोच सर वैतागले ते यावरच असणार.

‘कार्बनचं ब्लेड’ म्हणजे सगळं कार्बनच, असा समज असतो, तोही इथेच दूर करतो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ब्लेडच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकूडच असावा लागतो आणि कार्बनसारख्या तंतूंचा एक थर जास्तीत जास्त ०.३५ मिलिमीटर चालतो. म्हणजे ५.८ मिलिमीटरच्या ब्लेडमध्ये जवळजवळ पाच मिलिमीटर लाकूडच आलं. पण तो पातळ थर ब्लेडला ताठ करतो, चेंडू मधोमध लागला नाही तरी जोर फारसा कमी होत नाही. नुसतं कार्बन हाताला कडक लागतं, म्हणून त्याच्याबरोबर एरिलेट नावाचा तंतू विणतात, तो झिणझिण्या कमी करतो.

खरी मेख हा थर कुठे बसवलाय यात आहे. वरच्या पापुद्र्याच्या लगेच खाली असेल तर हळू लावलेला चेंडूही चटकन उडतो. शॉर्ट सर्व्हिसला परत शॉर्ट ठेवणं अशा ब्लेडवर कसबाचं काम. व्हिस्कारिया नावाचं ब्लेड याच जातीचं, १९९३ पासून बाजारात आहे, चीनचा ऑलिंपिक विजेता झांग जिके याच्या हातात ते होतं, म्हणून आजही मुलं नाव घेऊन मागतात. थर आत, मधल्या गाभ्याला लागून असेल तर हलक्या फटक्याला आधी लाकूड बोलतं, आणि दणकून मारल्यावरच आतला तंतू जागा होतो. दीड-दोन वर्षं नीट शिकलेल्या मुलाला कंपोझिटवर, म्हणजे लाकडात तंतूंचा थर असलेल्या ब्लेडवर, आणायचं तर मी हे दुसरं देतो. तुमच्या मुलाला गेलं ते पहिलं, वर मॅक्स स्पंज. म्हणजे स्कूटी शिकणाऱ्याला थेट ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर सोडल्यासारखं झालं.

खोक्यावरच्या वेगाच्या आकड्यांवरही फार जाऊ नका. प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी, एकीचा ‘११’ दुसरीच्या ‘९’ इतकाच असू शकतो. आमच्याकडे काही जण उघड्या ब्लेडवर चेंडू टप्पे घेत कान लावून ऐकतात. लोक हसतात, पण त्यात तथ्य आहे: आवाज जितका वरच्या पट्टीतला, तितकं ब्लेड साधारण ताठ. मी वजनकाट्यावर जास्त विश्वास ठेवतो. मॅक्स स्पंजची दोन रबरं लावली की कार्बनची बॅट सहज १८५-१९० ग्रॅमला जाते, आणि तेरा वर्षांच्या खांद्याला तासाभरात ते जाणवतं.

आणि बॅट बदलली की कोणालाही जड जातं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकल्यावर चीनच्या वांग चुचिनची बॅट फोटोग्राफरांच्या गर्दीत मोडली. दुसऱ्या दिवशी एकेरीत तो राखीव बॅटने खेळला आणि स्वीडनच्या ट्रुल्स म्योरेगोर्दकडून हरला. बॅटमुळेच हरला असं मी म्हणत नाही. पण तेव्हा तो जगात पहिल्या क्रमांकावर होता. तुमच्या मुलाने तर तयार रॅकेटवरून एका रात्रीत थेट कार्बनवर उडी मारली.

थोडा दोष पावसाळ्याचाही आहे. तुम्ही जुलैत आलात. क्लबहाऊसच्या बंद हॉलमध्ये रबरावर ओल धरते, चेंडू पकडला न जाता घसरतो, आणि मग फिरकी लागतच नाही. दर दोन-तीन गेमनंतर कोरड्या फडक्याने रबर पुसायला सांगा, पँटीला नको. तळहाताने तर अजिबात नको, घाम लागतो.

कडेच्या लाकडाचं म्हणाल तर, वरचा पापुद्रा कागदासारखा पातळ असतो, आणि रबर झटक्यात ओढलं की त्याचे धागे सोबत येतात. हळूहळू, ब्लेडला जवळजवळ समांतर धरून सोलायचं असतं. पण पहिल्यांदा रबर लावण्याआधी ब्लेडला लॅकरचा पातळ हात मारला असता तर एवढं निघालं नसतं. ते काम आम्ही फुकट करतो, पण आजवर गिऱ्हाईकाने मागितलं तरच करत होतो. आता न मागता करणार.

ऑनलाइनच्या आठशे रुपयांवर वाद घालत नाही. तो फरक आहे. माझं भाडं नौपाड्यात आहे. फक्त या नामवंत मॉडेलांच्या नकला बाजारात पोत्याने आहेत, घेताना विक्रेता बघून घ्या.

आता पुढचं. रबर चिकटवलेलं ब्लेड मी नवं म्हणून विकू शकत नाही, तो नियम मोडणार नाही. पण ‘परत नाही’ म्हणून भाच्याने विषय तिथेच संपवला, ते चुकलं. असं करू: उचकटलेली कड मी भरून, घासून, लॅकर मारून देतो. ते ब्लेड कपाटात ठेवून द्या, दीड-दोन वर्षांनी उपयोगी पडेल, लाकूड कुठे पळून जात नाही. विकायचंच असेल तर दुकानात जुन्या मालाच्या रॅकवर ठेवतो, येईल ते सगळं तुमचं, कमिशन नाही. मुलासाठी पाच प्लायचं लाकडी ब्लेड माझ्या खरेदीच्या किमतीत देतो. बहुतेक ब्लेडांचं तोंड १५७ बाय १५० मिलिमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे तुमचं फोरहँडचं रबर त्यावर बसेल, थोडं कापावं लागलं तर मी कापतो. बॅकहँडचं मॅक्स काढून १.८ मिलिमीटर स्पंजचं लावू. ते रबर आमच्याकडून, चुकीचं आम्ही दिलं होतं.

तारे बदला असं म्हणत नाही. रविवारी सकाळी अकरानंतर मी स्वतः असतो, सोमवारी बंद. मुलाला बरोबर आणा, आणि शक्य असेल तर त्याचा खेळतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ, बाजूने काढलेला. हात कसा फिरतो ते बघितल्याशिवाय या वेळी काही देणार नाही.