सिद्ध झालंय ते चालणं, तुमचा उपक्रम नाही

'सामूहिक चालण्याच्या उपक्रमाला मूल्यमापन कशाला हवं? चालणं चांगलं हे शेंबडं पोरही सांगेल. नोंदणी बघा, तीन महिन्यांत उतरलेला रक्तदाब बघा, रोज दहा हजार पावलं झाली की काम फत्ते. अभ्यासावरचा पैसा बुटांवर घाला.' या आशयाचा मजकूर सध्या फिरतोय आणि चालणारी मंडळी मान डोलावत तो पुढे ढकलतायत. मीही चालणाऱ्यांपैकीच, म्हणून जास्त खटकला.

'चालण्याचे फायदे सिद्ध आहेत.' आहेतच. गटाने चालण्याचेही आहेत. २०१५ साली ४२ अभ्यास एकत्र करून घेतलेल्या आढाव्यात वरचा रक्तदाब सरासरी ३.७ अंकांनी उतरलेला दिसला, नैराश्यही कमी झालेलं दिसलं. पण हे कळलं, कारण कुणीतरी मोजत बसलं होतं. शिवाय त्यातून तुमचा गट न चालणाऱ्यांना चालतं करतो, हे कुठे सिद्ध होतं? औषध गुणकारी आहे एवढ्यावरून दवाखाना चांगला ठरत नाही.

'नोंदणी बघा.' पहिल्या दिवशीची झुंबड कुणाची होती, ते आधी बघा. जो गेली दहा वर्षं एकटा तासभर चालत होता, तो आता गटाबरोबर तासभर चालतो. त्याला सोबत मिळाली, आनंद आहे. पण चालण्यात भर शून्य. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ते दिवसभर बसून असणारे, गुडघे धरलेले, रात्रपाळी करणारे, तान्हं मूल असलेल्या बाया, यांची नावं वहीत सापडतात का? नोंदणीच्या वेळी एकच प्रश्न विचारा: गेल्या आठवड्यात किती दिवस अर्धा तास चाललात? हाच प्रश्न सहा महिन्यांनी पुन्हा, आणि गळालेल्यांनाही. याला खर्च तो काय?

'रक्तदाब उतरतोच.' सगळ्यात फसवा मुद्दा हा. माणूस उपक्रमात येतो कधी? आकडा चढला आणि डॉक्टरांनी दटावलं की. रक्तदाब मुळातच खालीवर होणारा. चढलेला असताना मोजला, तर पुढच्या खेपेला तो बहुधा खालीच दिसतो, चाला किंवा चालू नका. टोकाची मापं पुन्हा सरासरीकडे सरकतात, हे इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८८६ सालीच आईबाप आणि मुलांच्या उंचीवरून दाखवलं होतं. त्यात कुणाला मधेच गोळी सुरू झालेली असते. आणि जे सोडून गेले त्यांचा रक्तदाब तिसऱ्या महिन्यात मोजायला असतंच कोण? उरलेल्यांची सरासरी छानच येणार. म्हणून तुलनेला दुसरा गट लागतो. त्यासाठी कुणाला चालण्यापासून वंचित ठेवायला नको: जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकून दोन तुकड्या करा आणि दुसरी तुकडी वाट बघत असतानाच तिचीही मापं घ्या.

दहा हजार पावलांचं थोडक्यात. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा कमी होतं, आणि ७,५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबला. दहा हजारांचा फलक लावून पाच हजारवाल्याला नापास करणं हा नुसता आडमुठेपणा.

राहिला पैसा. लंडनमध्ये ४५ ते ७५ वयाच्या हजारावर लोकांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली होती. काहींना पावलं मोजायचं यंत्र आणि नोंदवही टपालाने पाठवली, काहींना त्याबरोबर परिचारिकेच्या भेटीही दिल्या, उरलेल्यांना नेहमीचेच उपचार. तीन महिन्यांनी परिचारिकेवाले स्पष्ट पुढे होते. वर्षाने मोजलं, तर दोन्ही गट तुलनेच्या गटापेक्षा रोज साधारण ६५० पावलांनी पुढे; आपसात सांगण्याजोगा फरक नाही. तिसऱ्या महिन्यातच वही मिटली असती, तर परिचारिकांच्या पगारावर पैसा ओतायचं ठरलं असतं. तेवढ्यात बूट किती आले असते, हे त्या मजकूरवाल्यांनीच मोजावं.